फायबरच्या पॅनलला भोक पाडताना

फायबरग्लासचे पॅनल म्हणजे काचेच्या तंतूंची मॅट आणि तिला धरून ठेवणारे रेझिन. दर्शनी बाजूला जेलकोट, म्हणजे रेझिनचा गुळगुळीत थर, त्यामागे मॅटचे दोन-तीन थर आणि पाठ खडबडीत. हाताने थापलेल्या कामात ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर साधारण एक मिलिमीटर जाडी देतो. त्यामुळे गाडीचे बॉनेट, मडगार्ड किंवा बंपर बहुधा अडीच ते चार मिलिमीटरचे असते आणि त्यातला जेलकोट जेमतेम अर्धा मिलिमीटर. कडक पण ठिसूळ जेलकोट, पात्याची धार खाणारी काच आणि तापले की मऊ पडणारे रेझिन, या तिन्ही गोष्टी एकाच भोकात एकाच वेळी कापाव्या लागतात. पत्र्याच्या कामाला सरावलेला हात इथे चुकतो तो याच कारणाने. पत्रा वाकतो, ताणला जातो. त्याच्या कडेवरून कानस दोनदा फिरवली की पुरते. फायबरची कड टवके उडून तुटते, थर सुटतात, तंतू पिंजून बाहेर येतात, आणि ती तशीच सोडली तर पुढे प्रत्येक पावसाळ्यात पाणी ओढत राहते. या कामात भोक पाडायला लागतो त्यापेक्षा त्याची कड नीट करायला जास्त वेळ लागतो, आणि तसा तो लागलाच पाहिजे.

पुणे परिसरात मोटारी मुख्यतः पोलादी पत्र्याच्या बनतात. पण पत्रा दाबायच्या डायचा खर्च इतका असतो की शे-दोनशे नगांसाठी तो परवडत नाही. फायबरचा साचा लाकूड, प्लास्टर आणि फायबर यांतूनच उभा राहतो. बसचा पुढचा दर्शनी भाग, रुग्णवाहिकेच्या आतली पॅनल, नव्या गाडीचा पहिला नमुना, जुन्या जीपचे बॉनेट, ‘सुप्रा एसएई इंडिया’ स्पर्धेसाठी अभियांत्रिकीचे विद्यार्थी बांधतात त्या एकआसनी रेसिंग कारचे नाक, असली कामे भोसरीपासून नऱ्हे-धायरीपर्यंतच्या छोट्या शेडमध्ये होतात. दिल्लीच्या २०१२ च्या ऑटो एक्स्पोमध्ये दाखवलेली आणि नंतर पुण्याजवळ तयार झालेली ‘डीसी अवंती’ ही कॉम्पोझिट बॉडीची गाडी याच घराण्यातली, फक्त वरच्या दर्जाच्या साहित्याची. गणेशोत्सवातल्या देखाव्यांच्या मूर्तींनाही फायबर लागते. मात्र मूर्तीला आरपार भोके क्वचितच लागतात, आणि गाडीला दिवे, हँडल, आरसे, वायपर, इंधनाचे तोंड, वायरी, नंबरप्लेट असे कितीतरी लागते.

मोठ्या कंपनीने फायबरच्या बॉडीचा हा प्रयोग आधी अमेरिकेत केला. ३० जून १९५३ रोजी मिशिगनमधल्या फ्लिंट इथे फायबरग्लास बॉडीची पहिली उत्पादित शेवरोले कॉर्व्हेट बाहेर पडली. त्या वर्षी फक्त ३०० गाड्या झाल्या आणि त्या बहुतांशी हातानेच बांधल्या गेल्या. भारतात बंगळूरच्या सिपानी ऑटोमोबाइल्सने १९८२ साली ‘डॉल्फिन’ आणली. ब्रिटनच्या रिलायंट किटनवर बेतलेल्या या छोट्या गाडीची बॉडीही फायबरचीच होती. एवढ्या वर्षांत रेझिन सुधारले, हत्यारे सुधारली, पण हाताने बनवलेल्या पॅनलला भोक पाडायची रीत फारशी बदललेली नाही.

भोक कधी पाडायचे हा पहिला प्रश्न. रेझिनमध्ये कोबाल्ट आधी मिसळून घेतात आणि लावायच्या वेळी हार्डनर घालतात, बहुधा वजनाच्या एक ते दोन टक्के. (कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतू नयेत. त्यातून स्फोट होऊ शकतो. शेडमध्ये नव्या माणसाला सगळ्यात आधी सांगायची गोष्ट ही.) पुण्यात एप्रिलच्या दुपारी पारा ३८-४० अंशांवर असताना तेच मिश्रण भांड्यातच धरू लागते, डिसेंबरच्या सकाळी दहा-बारा अंशांत तासभर ओलेच राहते. धरून काही वेळ झाला की पॅनल चामड्यासारखे होते. या अवस्थेत साच्याबाहेर आलेली फाजील किनार धारदार सुरीने सहज छाटता येते, आणि ती तेव्हाच छाटावी, कारण दुसऱ्या दिवशी त्याच कामाला ग्राइंडर लागतो आणि दहापट धूळ उडते. भोकांचे मात्र उलट. कच्च्या पॅनलमध्ये ड्रिल घातला तर रेझिन कापले जात नाही, फाटते. जेलकोट मागच्या थरापासून सुटतो. शिवाय साच्यातून काढलेले कच्चे पॅनल पुढचे काही दिवस थोडे आकसते आणि आज मापात पाडलेली भोके आठवड्याने मापात राहत नाहीत. निदान चोवीस तास, आणि थंडीत किंवा दमट पावसाळी हवेत दोन-तीन दिवस, पॅनल साच्यात किंवा आधारावर राहू द्यावे. घाई असेल तर उन्हात ठेवून पक्के करता येते, पण तेही सपाट आधारावर. नाहीतर ते ज्या बाकात राहील त्याच बाकात पक्के होईल.

आखणीला सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो आणि नेमका तिथेच तो कमी दिला जातो. टेबलावर पडलेले पॅनल आणि गाडीवर बसलेले पॅनल यांचा आकार एकच नसतो. तीन मिलिमीटरचे बंपर दोन्ही टोकांना धरून उचलले की मध्ये झुकते. म्हणून पॅनल आधी त्याच्या मूळ बोल्टांवर बसवायचे, सांधे सारखे करायचे आणि मग आखायचे. आखणी थेट जेलकोटवर न करता चिकटपट्टीवर करावी. दिसायला सोपे जाते आणि कापताना जेलकोटचे टवके उडणेही कमी होते. पट्टी भोकाच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना दोन बोटे रुंद असावी.

हाताने थापलेले पॅनल कधीच पूर्ण सममित नसते. साचा ज्या लाकडी नमुन्यावरून काढलेला असतो तोच डावीकडे तीन मिलिमीटर फुगीर असू शकतो. अशा पॅनलच्या कडेपासून मापे घेऊन दोन्ही दिव्यांची भोके आखली, तर कागदावर बरोबर असलेली गाडी समोरून तिरळी दिसते. मापे चॅसीवरच्या ठरावीक बिंदूंपासून आणि जमिनीपासून घ्यावीत. गाडी सपाट फरशीवर, चारही चाकांत सारखी हवा, मध्यरेषेसाठी ओळंबा किंवा ताणलेला दोरा, आणि दोन्ही बाजूंचा प्रत्येक केंद्रबिंदू दोन वेगवेगळ्या स्थिर जागांपासून मोजलेला. एका बाजूचा साचा पुठ्ठ्यावर कापून तोच उलटा करून दुसऱ्या बाजूला लावायचा. मग चार-पाच पावले मागे जाऊन नुसते बघायचे. मापात बरोबर आणि डोळ्याला चूक असेल तर माप परत घ्यावे. बहुतेक वेळा डोळा बरोबर असतो, कारण तो दोन दिव्यांची तुलना एका नजरेत करतो.

वाकलेल्या किंवा कललेल्या पृष्ठभागावर गोल भोक आखणे ही या कामातली खरी भूमिती आहे. जीप आणि जुन्या ॲम्बॅसडरच्या जातीचा ७ इंची, म्हणजे १७८ मिलिमीटरचा गोल दिवा सरळ पुढे बघायला हवा. गाडीचा चेहरा उभ्या रेषेपासून ३० अंश मागे कललेला असेल तर त्या पृष्ठभागावरचे भोक गोल राहत नाही, लंबगोल होते. रुंदी १७८ च राहते, पण पृष्ठभागावर मोजलेली उंची १७८ भागिले ०.८६६, म्हणजे साधारण २०५ मिलिमीटर होते. कंपासने तिथे १७८ चे वर्तुळ काढून कापणाऱ्याला दिवा बसवताना वर-खाली कानस चालवावी लागते आणि भोक वेडेवाकडे होते. मडगार्डसारख्या दोन दिशांना वळलेल्या भागावर हिशेबापेक्षा सोपी युक्ती चालते. दिव्याच्या केंद्ररेषेत, जमिनीला आणि गाडीच्या मध्यरेषेला समांतर अशी एक सळई स्टँडवर पक्की धरायची. तिच्यावर पुढे-मागे सरकणारा आणि गोल फिरणारा हात बसवायचा, हाताच्या टोकाला त्रिज्येएवढ्या अंतरावर पेन्सिल. पेन्सिल पृष्ठभागाला टेकवत हात फिरवला की पॅनलवर जी रेषा उमटते तेच खरे भोक. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे संगणकावर सहज मिळते. ज्या शेडमध्ये संगणक नाही तिथे ही सळईच तो हिशेब करते, आणि चोख करते.

दिव्याचे माप घेताना काच किंवा रिंग न मोजता मागचा वाडगा, त्याचे स्क्रू आणि रबरी गॅस्केट मोजावे. वस्तू हातात नसताना माहितीपत्रकावरून भोक पाडू नये.

लहान भोकांपासून सुरुवात करू. केंद्र पंच हातोडीने ठोकायची पत्र्यावरची सवय इथे सोडावी लागते. एका ठोक्याने जेलकोटला कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसाएवढ्या चिरा पडतात. त्या त्या दिवशी दिसत नाहीत, रंग लागल्यावर उन्हात एखाद्या महिन्याने दिसतात. ड्रिलचे टोक हाताने दाबून, गोल फिरवून छोटा खळगा करावा. मग जेलकोटच्या बाजूनेच, तीन मिलिमीटरचा ड्रिल हलक्या दाबाने. मागून ड्रिल केले तर टोक बाहेर पडताना जेलकोटचा नाण्याएवढा टवका घेऊन येते. मशीन आधी उलट्या दिशेने फिरवून जेलकोट खरवडून काढायचा आणि मग सुलट करून काच कापायची ही जुनी पद्धत आजही सर्वांत भरवशाची आहे. पाठीला लाकडाचा ठोकळा घट्ट धरला की मागचे तंतू फाटत नाहीत. मोठे भोक थेट मोठ्या ड्रिलने न पाडता टप्प्याटप्प्याने वाढवावे. पायऱ्यांचा शंकूच्या आकाराचा ड्रिल पातळ पॅनलमध्ये फार स्वच्छ काम करतो, फक्त त्याची पुढची पायरी नकळत आत जाऊ नये म्हणून हव्या त्या पायरीवर पट्टी गुंडाळून खूण करावी.

साधा हायस्पीड स्टीलचा ड्रिल काचेपुढे फार टिकत नाही. धार गेली की माणूस जोर लावतो, जोराने उष्णता वाढते, आणि साधे पॉलिएस्टर रेझिन सत्तर अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. कडेवर पिवळट-तपकिरी चिकट थर आणि करपल्याचा वास आला की समजावे, ड्रिल बोथट आहे. सहा मिलिमीटरच्या ड्रिलला दोन-तीन हजार फेरे, मोठ्या होल सॉला पाच-सातशे, आणि दोन्हीकडे दाब कमी. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत स्वस्त होल सॉचा संच पेटीसकट मिळतो. लाकडाला तो चालतो, फायबरला पहिल्या चार भोकांनंतर नुसता घासतो. रोजचे काम असेल तर कार्बाइडच्या दातांचा किंवा हिरकणीच्या कणांचा एकेकच, पण लागणाऱ्या मापाचा घ्यावा. दाम जास्त पडतात, कड मात्र निम्म्या वेळात तयार होते.

होल सॉच्या मापापलीकडची भोके दोन प्रकारे कापतात. जिगसॉचे साधे पाते वर येताना कापते आणि जेलकोट उचकटते. त्यामुळे एकतर पाठीमागून कापावे किंवा खाली कापणारे उलट्या दातांचे पाते लावावे. जिगसॉच्या पायाला कापडाची पट्टी चिकटवली तर जेलकोटवर ओरखडे पडत नाहीत. सरळ कापाला चार इंची ग्राइंडरवर हिरकणीची चकती उत्तम चालते. पण हा ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फिरतो आणि क्षणभराच्या चुकीला माफी देत नाही. वळणावर तो नेऊच नये. चौकोनी भोकांचे कोपरे कधीही काटकोनात कापू नयेत. आधी चारही कोपऱ्यांत निदान आठ-दहा मिलिमीटरचे गोल भोक पाडावे आणि मग त्यांना जोडणाऱ्या सरळ रेषा कापाव्यात. टोकदार कोपऱ्यात ताण साठतो, खड्ड्यात गाडी आपटली की चीर तिथूनच निघते आणि पुण्यातल्या पावसाळ्यानंतरच्या रस्त्यांवर ती निघायला फार दिवस लागत नाहीत.

कापणी कधीही रेषेवर करायची नाही. दीड-दोन मिलिमीटर आत राहायचे आणि उरलेले कानशीने काढायचे. रोटरी मशीनवरचा कार्बाइड बर हे काम झटपट करतो, पण तो हातातून सरकला तर लाट पडते, आणि लाट कानशीनेच काढावी लागते. मोठ्या गोलाकाराला अर्धगोल कानस, लहानाला गोल. कानशीचा जोर नेहमी जेलकोटकडून पाठीकडे. परतताना कानस उचलून घ्यायची. परत ओढताना ती कडेला घासली तर चिनीमातीच्या कपाच्या काठासारखे बारीक टवके उडतात. शेवटी लाकडाच्या गोल ठोकळ्यावर ८० नंबरचा पेपर, मग १२०, मग २२०. नुसत्या बोटावर पेपर गुंडाळला तर कडेला उंचसखलपणा येतो. दर्शनी बाजूची धार अर्धा मिलिमीटर मोडून घ्यावी. धारदार कडेवर रंग टिकत नाही आणि धुताना फडकेही अडकते.

एवढ्यावर पुष्कळ जण थांबतात, कारण दिवा बसला की कड रिंगखाली झाकली जाते. हीच या धंद्यातली सर्वांत मोठी कुचराई आहे. कापलेल्या कडेवर काचेचे हजारो तंतू उघडे असतात आणि तंतू व रेझिन यांच्या फटीतून पाणी आत शिरते. जुलै-ऑगस्टच्या हवेत पॅनल आधीच ओलावा धरते. त्यात चाकाखालचे चिखलपाणी. दोन-तीन पावसाळ्यांत कडेपासून आत पांढरट डाग सरकतो, थर सुटतात, जेलकोटवर फोड येतात. उपाय अगदी स्वस्त आहे. कड ॲसिटोनच्या फडक्याने पुसून कोरडी करायची आणि बारीक ब्रशने मेण मिसळलेले रेझिन लावायचे. हवा लागली की साधे पॉलिएस्टर रेझिन वरून चिकट राहते. मेण वर येऊन हवा अडवते. इंधनाच्या तोंडाच्या भोकाला मात्र इपॉक्सी लावावे, कारण तिथे पेट्रोल सांडणारच आणि साध्या रेझिनपेक्षा इपॉक्सी ते जास्त सोसते. कड फारच पिंजली असेल तर रेझिनमध्ये काचेची पूड घट्ट कालवून भरावी. नुसती लांबी कडेवर भरू नये. ती ठिसूळ असते आणि पहिल्या हादऱ्याला गळून पडते.

मोठ्या भोकाला सर्वांत जास्त मजबुती येते ती आत वळलेल्या ओठाने. साचा बनवतानाच दिव्याच्या जागी दहा-पंधरा मिलिमीटरचा आतला ओठ धरला तर कड उघडी पडतच नाही आणि पॅनल ताठही राहते. तयार पॅनलवर ओठ करायचा झाला तर पुठ्ठ्याची पट्टी आतून लावून, तिला चिकटपट्टी आणि मेण लावून, दोन थर मॅट थापतात. नव्या कामात भोके कुठे येणार हे साच्याच्या आधी ठरवावे. जिथे आरसा, वायपर किंवा दाराचे हँडल येणार तिथे थापतानाच दोन जादा थर, किंवा थरांच्या मध्ये सहा मिलिमीटर मरीन प्लाय वा ॲल्युमिनियमची पट्टी पुरावी. वायपर दिवसभर एकाच जागी मागे-पुढे ताण देतो. तीन मिलिमीटरचे नुसते पॅनल त्याला पुरत नाही.

बोल्टाचे भोक बोल्टापेक्षा एक-दीड मिलिमीटर मोठे ठेवावे. फायबर तापून पोलादाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते. उन्हात उभ्या गाडीत लांब बंपर आणि त्यामागची पोलादी चौकट यांच्या मापात फरक पडतो, आणि घट्ट भोकात तो फरक चिरेच्या रूपाने बाहेर येतो. भोकाच्या तोंडाशी जेलकोट थोडा शंकूसारखा काढून टाकला की बोल्ट आवळताना तो फुटत नाही. भोकाचा मध्य पॅनलच्या कडेपासून निदान व्यासाच्या तिप्पट अंतरावर हवा. सहा मिलिमीटरच्या बोल्टाला १८ मिलिमीटर. पाठीमागे रुंद वॉशर किंवा पट्टी, मध्ये रबर. स्वतः आटे पाडणारे स्क्रू पातळ फायबरमध्ये थेट मारू नयेत. आटे भुगा होऊन सुटतात. रिव्हेट मारायचे असेल तर रुंद टोपीचे आणि मागे वॉशर घालूनच, कारण ते फुगताना भोक आतून फाडते.

वायर जाणाऱ्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट बसवावा. काचेची उघडी कड हादऱ्यांनी वायरीचे कवच कापते. इथेच पत्र्यावरून आलेल्या इलेक्ट्रिशियनची आणखी एक गफलत होते. पत्र्याच्या गाडीत दिव्याचा परतीचा प्रवाह बॉडीतूनच जातो; फायबर वीज वाहून नेत नाही. प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, पंपाला चॅसीपर्यंत वेगळी अर्थिंगची वायर ओढावी लागते. इंधनाच्या धातूच्या तोंडापासूनही एक वायर चॅसीला जोडावी, म्हणजे भरताना स्थिर विजेची ठिणगी पडायची भीती राहत नाही. ही वायर बाहेरून दिसत नाही, म्हणून ती ओढली आहे का हे गाडी घेणाऱ्याने जरूर विचारावे.

भोक चुकले तर पॅनल टाकून द्यायची गरज नसते. मागच्या बाजूने भोकाभोवती पॅनल तिरके घासत न्यायचे, उतार जाडीच्या बारा पट. तीन मिलिमीटरला ३६ मिलिमीटर. समोरून मेण लावलेली गुळगुळीत पट्टी चिकटवायची, तिच्यावर आतून जेलकोट, मग लहानापासून मोठे होत जाणारे मॅटचे गोल तुकडे थापायचे. नवे रेझिन पक्क्या रेझिनला रासायनिकदृष्ट्या फारसे जोडले जात नाही. ते घासलेल्या खडबडीत जागेला धरते. घासणी वरवर केली तर तुकडा बूचासारखा निघून येतो. जुन्या भोकाला लागून नवे पाडायचे असेल तर जुने आधी असे भरून, पक्के होऊ देऊनच पुढे जावे.

रंगाआधी एकदा सगळे भाग बसवून बघावेत आणि परत काढावेत. प्रायमर आणि रंग मिळून कडेवर साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर चढतात. भोक अगदी नेमके कापले असेल तर रंगानंतर दिवा आत जात नाही, आणि जोराने घातला तर ताज्या रंगाचा पापुद्रा निघतो. रंगानंतर नवे भोक पाडणे शक्य असते, पण ते टाळलेले बरे.

आणखी एक गोष्ट हत्याराच्या पेटीबाहेरची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीकृत वाहनाच्या मूळ तपशिलात बदल करण्यावर निर्बंध आहेत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात तीच भूमिका स्पष्ट केली. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचे दिवे हलवणे, जादा दिव्यांसाठी भोके पाडणे, बॉडीचा आकार बदलणे, हे गिऱ्हाईक म्हणते म्हणून करू नये; आधी आरटीओत विचारावे. नव्या वाहनासाठी चाचणी आणि मान्यतेची यंत्रणा पुण्यातच, १९६६ साली स्थापन झालेल्या आणि वेताळ टेकडीवर असलेल्या एआरएआय या संस्थेत आहे. दिव्यांची उंची आणि कडेपासूनचे अंतर नियमांत ठरलेले असते. नमुन्याच्या गाडीवर ती मापे भोके पाडायच्या आधी तपासली तर फायबर वाया जात नाही.

राहिली धूळ. फायबर कापताना उडणाऱ्या धुळीत काचेचे तुकडे आणि रेझिनची बारीक पूड असते. काच त्वचेत रुतून खाजवते, डोळ्यांत गेली तर बुबुळ खरचटते, आणि बारीक पूड फुप्फुसात जाते. तोंडाला बांधलेला रुमाल तिला अडवत नाही. निदान एन-९५ दर्जाचा मास्क, बाजूंनी बंद चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा. काम झाल्यावर अंग पाण्याने धुवावे. कॉम्प्रेसरच्या हवेने अंगावरची धूळ झटकण्याची सवय सर्रास दिसते आणि ती सर्वांत वाईट आहे. विजेच्या साध्या मशीनवर पाणी मारून धूळ बसवण्याचा प्रयत्न करू नये, शॉक बसू शकतो. कापण्याच्या जागेपाशी व्हॅक्यूमचा पाइप धरणे हाच खरा उपाय. हार्डनर डोळ्यांत उडाला तर क्षणभरही न थांबता पंधरा मिनिटे पाण्याने धुवावे आणि दवाखाना गाठावा. त्याने दृष्टी जाऊ शकते.

या कामात साचा करणाऱ्याला मान मिळतो, रंग देणाऱ्याला मान मिळतो. भोके कापणारा आणि कडा घासणारा बहुधा शेडमधला सर्वांत नवा, सर्वांत कमी पगाराचा मुलगा असतो, आणि दिवसभरात सर्वांत जास्त धूळ त्याच्याच श्वासात जाते. गाडीचे आयुष्य त्याने घासलेल्या कडेवर अवलंबून असते. शेड चालवणाऱ्यांनी पुढच्या वेळी नवा होल सॉ घ्यायला बोहरी आळीत जाताना आधी त्याच्यासाठी चांगला मास्क आणि एक व्हॅक्यूम घ्यावा.